जॉन लॉक : माणसाचे हक्क राजाने दिलेले नाहीत



नागरिकशास्त्र शिकवताना 'नैसर्गिक हक्क' हा शब्द आला की मुलं हमखास विचारतात, सर, हे हक्क आपल्याला दिले कुणी? या प्रश्नावर आयुष्यभर विचार करणाऱ्या एका माणसाची आज ओळख करून घेऊया.

बालपण आणि शिक्षण

जॉन लॉक यांचा जन्म 29 ऑगस्ट 1632 रोजी इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यातल्या रिंग्टन या गावी झाला. वडील वकिलीचं काम करीत. राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध पेटलं तेव्हा ते पार्लमेंटच्या बाजूने लढले. पुढे लॉक लंडनच्या वेस्टमिन्स्टर शाळेत दाखल झाले. ते तिथे शिकत असतानाच, 30 जानेवारी 1649 रोजी, शाळेपासून जवळच राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद झाला. राजाची सत्ता अमर्याद नसते, हे त्या पिढीने असं डोळ्यांसमोर पाहिलं. 1652 मध्ये ते ऑक्सफर्डला गेले. तिथल्या जुन्या पाठांतरी शिक्षणापेक्षा त्यांना वैद्यकशास्त्र आणि प्रयोग जास्त आवडू लागले.

डॉक्टर ते राजकारण

1666 मध्ये त्यांची लॉर्ड अॅशले या बड्या राजकारण्याशी ओळख झाली. 1668 मध्ये अॅशले यांच्या यकृतावर लॉक यांच्या देखरेखीखाली शस्त्रक्रिया झाली. जखमेत चांदीची नळी बसवली आणि अॅशले वाचले. त्या काळी ही फार मोठी गोष्ट होती. हेच अॅशले पुढे अर्ल ऑफ शाफ्ट्सबरी झाले आणि राजाच्या विरोधकांचे पुढारी बनले. त्यामुळे लॉक यांच्यावरही संशय आला. 1683 मध्ये त्यांना हॉलंडला पळून जावं लागलं. पुढच्याच वर्षी राजाच्या हुकमाने ऑक्सफर्डमधली जागाही गेली. परदेशात काही काळ ते नाव बदलून राहिले.

शासनाविषयीचे विचार

1688 मध्ये इंग्लंडमध्ये राज्यक्रांती झाली आणि 1689 च्या फेब्रुवारीत लॉक मायदेशी परतले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांचा शासनावरचा ग्रंथ बाहेर पडला, पण त्यावर लेखकाचं नाव नव्हतं! तो आपला असल्याचं त्यांनी लेखी कबूल केलं ते थेट मृत्युपत्रात. इतकी ती मांडणी धोक्याची होती.

काय होती ती मांडणी? जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता हे हक्क माणसाला जन्मतःच असतात. ते राजाने दिलेले नसतात, म्हणून राजाला ते काढूनही घेता येत नाहीत. लोक या हक्कांच्या रक्षणासाठी शासन नेमतात. शासन म्हणजे मालक नव्हे, विश्वस्त. लोकांच्या संमतीशिवाय कर घेता येत नाही, आणि विश्वासघात झाला तर लोक शासन बदलू शकतात.

नाण्यांचा वाद

त्या काळी इंग्लंडमध्ये लोक चांदीच्या नाण्यांच्या कडा कातरून चांदी काढून घेत. नाणी हलकी होत चालली होती. खजिन्याचे सचिव विल्यम लाउंड्स यांनी सुचवलं की नव्या नाण्यात चांदीच कमी घालावी. लॉक यांनी कडाडून विरोध केला. त्यांच्या मते नाणं म्हणजे चांदीच्या ठरलेल्या वजनाची हमी. सरकारनेच वजन घटवलं, तर ज्याचं येणं आहे त्याची ती फसवणूक ठरते. 1696 मध्ये पूर्ण वजनाची नाणी पाडायचं ठरलं. तत्त्व जिंकलं, पण बाजारात नाण्यांची टंचाई झाली आणि कातरलेली नाणी हातात राहिलेल्या गरिबांचे हाल झाले.

दुसरी बाजू

मुलांना थोरांची फक्त चांगली बाजू सांगणं बरोबर नाही. स्वातंत्र्य जन्मजात मानणाऱ्या लॉक यांनी गुलामांच्या व्यापारातल्या कंपनीचे शेअर्स घेतले होते. 1669 मध्ये कॅरोलायना वसाहतीची जी घटना लिहिली गेली, त्या कामात त्यांचा हात होता. तिने मालकाला गुलामावर पूर्ण सत्ता दिली. 1693 च्या शिक्षणविषयक पुस्तकात त्यांनी मुलांना मारून शिकवू नये असं सांगितलं. पण ते पुस्तक होतं सुखवस्तू घरातल्या मुलांसाठी. 1697 मध्ये त्यांनीच गरिबांची 3 ते 14 वर्षांची मुलं कामशाळेत घालावीत आणि भीक मागणाऱ्या मुलांना फटके द्यावेत अशी योजना मांडली. ती अमलात आली नाही, हे बरंच झालं.

अखेर

शेवटची वर्षं ते एसेक्समधील ओट्स येथे लेडी मॅशम यांच्या घरी राहिले. 28 ऑक्टोबर 1704 रोजी त्यांचं निधन झालं. पुढे 1776 च्या अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात त्यांचेच विचार उमटले. आपल्याकडे महात्मा फुले यांनी थॉमस पेन यांचा मानवी हक्कांवरचा ग्रंथ वाचला होता, आणि पेनही याच परंपरेतले. फुल्यांनी मात्र ते हक्क शूद्रातिशूद्रांपर्यंत आणि स्त्रियांपर्यंत नेले.

म्हणून वर्गात लॉक शिकवताना दोन प्रश्न फळ्यावर जरूर लिहा. हक्क कुठून येतात? आणि ते सांगणाऱ्याने कुणाकुणाला त्यातून वगळलं? दुसरा प्रश्न मुलांना विचारू दिला, तरच पहिल्याचं उत्तर त्यांना खऱ्या अर्थाने कळेल.