विश्लेषण : बेंगळूरुत जपानी रेशीम, लोणावळ्यात पाण्याची वीज… जमशेटजी टाटांचे दोन प्रयोग काय सांगतात?

मावळात पावसाने जोर धरला की लोणावळा, वलवण, शिरोता ही धरणे भरतात. त्यांचे पाणी घाट उतरून खोपोलीत वीज तयार करते. ही योजना जमशेटजी टाटांच्या डोक्यातून निघाली, हे अनेकांना माहीत असते. त्याच वर्षांत त्यांनी बेंगळूरुत जपानी पद्धतीने रेशीम तयार करण्याचाही प्रयोग केला होता, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. तो प्रयोग काय होता?

जमशेटजींचा जपानशी संबंध कसा आला?

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारीत झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून १८५८ मध्ये बाहेर पडल्यावर ते वडिलांच्या व्यापारात शिरले आणि वर्षभरातच हाँगकाँगला गेले. पुढे नागपूरला एम्प्रेस मिल (१८७७) आणि कुर्ल्याला स्वदेशी मिल (१८८६) त्यांनी उभारली. सुती कापडाच्या या व्यवसायामुळेच त्यांचे लक्ष जपानकडे गेले. तिथल्या गिरण्यांना भारतीय कापूस हवा होता. पण समुद्रमार्गे मालवाहतुकीचे दर ब्रिटिश जहाज कंपन्यांच्या हातात होते. १८९३ मध्ये जमशेटजी जपानला गेले आणि निप्पॉन युसेन कैशा या कंपनीशी त्यांनी बोलणी केली. त्याच वर्षी कोबे-मुंबई जहाजसेवा सुरू झाली. योकोहामाहून निघालेल्या जहाजात त्यांची स्वामी विवेकानंदांशी भेट झाली, ती याच प्रवासात.

जपानकडून शिकण्यासारखे काय होते?

त्या वेळी जपान स्वतःच शिकत होता. १८६९ मध्ये राजधानी टोकियोला गेली आणि क्योटोतील निशिजिन या रेशीम विणकरांच्या वस्तीचा दरबारी आश्रय आटला. तिथल्या विणकरांनी १८७२ मध्ये आपली माणसे फ्रान्समधील लियाँला पाठवली आणि जकार्ड माग आणवला. त्याच वर्षी तोमिओका येथे फ्रेंच तंत्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली सरकारी रेशीम गिरणी सुरू झाली. जुनी कला जपायची तर नवे तंत्र शिकावे लागते आणि ते जाणणाऱ्या माणसाकडूनच शिकावे लागते, हा त्यातला धडा. जमशेटजींनी हीच रीत पुढे स्वतः वापरली.

बेंगळूरुचीच निवड का?

म्हैसूर संस्थानात टिपू सुलतानच्या काळापासून रेशीम होत होते. एकोणिसाव्या शतकात मात्र किड्यांवरील रोगांनी हा धंदा खचला. इथले हवामान तुती आणि रेशीमकिड्यांना मानवते, हे जमशेटजींनी हेरले होते. १८९० च्या दशकाच्या उत्तरार्धात संस्थानाने जमीन व अनुदान दिले आणि टाटा सिल्क फार्म उभा राहिला. तो चालवण्यासाठी जपानहून एका तज्ज्ञ दांपत्याला बोलावण्यात आले.

फार्ममध्ये नेमके काय शिकवले जाई?

खरी अडचण बियाण्याची, म्हणजे किड्यांच्या अंड्यांची होती. पेब्रिन हा रोग मादीकडून अंड्यांत उतरतो. त्यावरचा उपाय लुई पाश्चर यांनी शोधला होता. अंडी घातलेली मादी सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची आणि रोगाचे कण दिसले तर तिची अंडी नष्ट करायची. हे काम किचकट. पण ते टाळले तर सगळा हंगाम हातचा जातो. याशिवाय तुतीची लागवड, किड्यांचे संगोपन आणि धागा काढणे हेही शिकवले जाई. एका कोशातला तंतू शेकडो मीटर लांब, पण अतिशय बारीक असतो. गरम पाण्यात कोश मऊ करून अनेक तंतू एकत्र ओढले जातात. ते सारख्या जाडीचे आले नाहीत, तर मागावर धागा तुटतो आणि वस्त्राचा पोत बिघडतो. विणकराचे यश असे आधीच, कोश हाताळणाऱ्याच्या बोटांवर ठरते.

रंगांचे काय झाले?

रेशीम हा प्रथिनांचा धागा असल्याने वनस्पतीजन्य रंग त्यावर चांगले चढतात. तुरटीने ते पक्के होतात. जपानी रंगारी निळ्यासाठी नीळ देणारी वनस्पती, तांबड्यासाठी मंजिष्ठेच्या कुळातली मुळे आणि गुलाबीसाठी करडईची फुले वापरत. आपल्याकडचा कुसुंबी रंगही करडईच्याच फुलांचा. पण जमशेटजींच्या हयातीतच हे जग उलटले. १८६९ मध्ये मंजिष्ठेतील मुख्य रंगद्रव्य प्रयोगशाळेत तयार झाले आणि १८९७ मध्ये जर्मनीची कृत्रिम नीळ बाजारात आली. बियाण्याच्या प्रश्नावर तंत्राने उत्तर मिळाले. नैसर्गिक रंगांना मात्र तंत्रानेच मागे ढकलले. आज हे रंग पुन्हा आणू पाहणाऱ्यांपुढे प्रश्न तोच आहे : प्रत्येक घाणीला एकसारखी छटा कशी मिळवायची आणि त्या मेहनतीचा मोबदला कोण देणार?

लोणावळ्याची योजना कशी पुढे गेली?

मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालत आणि शहर धुराने भरे. सह्याद्रीचा पाऊस घाटमाथ्यावर अडवून पाचशे मीटरहून अधिक खाली सोडला तर वीज मिळेल, ही कल्पना डेव्हिड गॉसलिंग या वास्तुविशारदाने जमशेटजींपुढे मांडली. त्यांनी ती उचलून धरली. पण १९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचे निधन झाले. दोराबजी आणि रतन या मुलांनी काम पुढे नेले. १९१० मध्ये कंपनी स्थापन झाली, फेब्रुवारी १९११ मध्ये लोणावळ्यात पायाभरणी झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईला मिळाली. या विजेची किंमतही सह्याद्रीनेच मोजली. पुढे योजना शेजारच्या मुळशीकडे वळली, तेव्हा जमिनी बुडणाऱ्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. जमशेटजींचा वारसा सांगताना हा भाग वगळता येत नाही.

रेशमाच्या प्रयोगातून काय उरले?

१९१० च्या सुमारास फार्म साल्व्हेशन आर्मीकडे गेला आणि कालांतराने बंद पडला. बेंगळूरुत त्या भागाचे नाव मात्र आजही टाटा सिल्क फार्म असेच आहे. १९१२ मध्ये म्हैसूर संस्थानाने स्वतःचा रेशीम विणकाम कारखाना काढला. आज तुती रेशमाच्या उत्पादनात कर्नाटक देशात आघाडीवर आहे आणि येवल्याच्या मागांवरील पैठणीसाठी लागणारे रेशीम मोठ्या प्रमाणावर तिथूनच येते. पोलाद, वीज आणि विज्ञान संस्था यांच्या तुलनेत हा प्रयोग लहान होता. त्यातून नफ्याचा मोठा डोंगर उभा राहिला नाही. मात्र कसबी माणूस बोलावून त्याच्या हाताखाली इथली माणसे तयार करण्याची ती रीत, नैसर्गिक रंगांचे शिक्षण सुरू करू पाहणाऱ्यांना आजही उपयोगी पडेल.