पालकाच्या पानाने दिलेला कौल

पोटातील अल्सरने बेजार झालेल्या पीटर मिचेल यांनी १९६३ साली एडिंबरा विद्यापीठातील नोकरी सोडली. दोन वर्षांपूर्वी त्यांनी मांडलेली कल्पना तेव्हा फारसे कुणी मानत नव्हते.

प्रश्न होता एटीपीचा. एटीपी म्हणजे पेशीच्या व्यवहारातील चलन. पेशीचे बहुतेक काम त्यावरच चालते. वनस्पती ते हरितलवकांत, सूर्यप्रकाशाच्या बळावर तयार करतात. प्रकाश आणि एटीपी यांच्यामध्ये ऊर्जेने भरलेले एखादे रसायन असणार, असे बहुतेक शास्त्रज्ञ धरून चालले होते. कित्येक वर्षे शोधूनही ते सापडत नव्हते.

असे रसायन नाहीच, असे मिचेल यांचे म्हणणे होते. हरितलवकात पातळ पटलांच्या चपट्या पिशव्या असतात. प्रकाश पडला की पटलातून इलेक्ट्रॉन पुढे सरकतात आणि त्या ओघात प्रोटॉन पिशवीत साठतात. धरणात पाणी साठावे तसे. ते पटलातील एका एन्झाइममधून बाहेर पडतात. त्या प्रवाहाच्या जोरावर एडीपीला फॉस्फेट जोडले जाते आणि एटीपी तयार होते.

नोकरी सोडल्यावर मिचेल यांनी कॉर्नवॉलमधील बॉडमिनजवळची एक पडकी हवेली दुरुस्त करून घेतली आणि सहकारी जेनिफर मॉयल यांच्यासह तिथेच छोटी प्रयोगशाळा थाटली.

मोठा पुरावा मात्र अमेरिकेतून आला. १९६६ साली आंद्रे जागेंडॉर्फ आणि अर्नेस्ट उरिबे यांनी पालकाची हरितलवके आधी आम्ल द्रावणात ठेवली. पिशव्यांत प्रोटॉन भरल्यावर बाहेरचे द्रावण एकदम अल्कधर्मी केले आणि त्यात एडीपी व फॉस्फेट घातले. हे सारे अंधारात केले, तरीही एटीपी तयार झाले! म्हणजे प्रकाशाचे काम प्रोटॉन साठवण्याचे. पुढचे काम तो साठाच करतो. जागेंडॉर्फ स्वतः आधी या कल्पनेबद्दल साशंक होते.

विरोध मावळायला आणखी काही वर्षे लागली. १९७८ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिचेल यांना एकट्याला मिळाले. १० एप्रिल १९९२ रोजी ते बॉडमिन येथे वारले.

आपल्या पेशींतील तंतुकणिकाही याच तत्त्वावर एटीपी बनवतात. फरक इतकाच, की प्रोटॉन साठवण्याची ताकद तिथे सूर्यप्रकाशातून नव्हे, तर अन्न आणि श्वासातील ऑक्सिजन यांतून येते.