गवतासाठी तुरुंगात गेलेला मास्तर : लोकनायक बापूजी अणे

सोनाळा (वार्ताहर) : गावाच्या वरच्या अंगाला सातपुड्याचं जंगल. ढोरं कुठवर न्यायची, गवत कापायला कोणाची परवानगी लागते, हा प्रश्न इथल्या शेतकऱ्याला नवा नाही. याच गवतापायी आपल्या वऱ्हाडातला एक मोठा पुढारी जेलात गेला होता. माधव श्रीहरी अणे, म्हणजे सगळ्यांचे बापूजी. २९ ऑगस्टला त्यांची जयंती असते.

जन्म १८८० चा, यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीचा. नागपूरला मॉरिस कॉलेजात शिकले आणि १९०४ मध्ये अमरावतीच्या काशीबाई खासगी हायस्कूलात मास्तर म्हणून लागले. तीन वर्षं पोरं शिकवली, मग यवतमाळात वकिली सुरू केली. माणूस पक्का टिळकांचा. टिळकांनंतर गांधीजींना मानलं, पण डोळे झाकून नाही. १९२४ मध्ये ते दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात गेले.

१९३० साली देशभर मिठाचा सत्याग्रह पेटला. वऱ्हाडात समुद्र नाही, तरी खारपाणपट्ट्यातल्या दहीहांड्याला खाऱ्या विहिरीच्या पाण्यातून मीठ काढलं गेलं. पण पावसाळा लागल्यावर पुढं काय? बापूजींनी जंगलाचा कायदा धरला. राखीव जंगलात विनापरवाना गवत कापणं गुन्हा होता, आणि गुरं पाळणाऱ्या प्रत्येक घराला तो कायदा रोज टोचत होता. १० जुलैला पुसदजवळ त्यांनी स्वतः हाती विळा घेतला अन् गवत कापलं. लगेच अटक झाली. मिठाचा कर अनेकांना दिसतही नव्हता, ढोराचा चारा मात्र सगळ्यांना समजला. म्हणूनच हा सत्याग्रह गावोगाव पसरला. पन्नाशीतल्या वकिलाला विळा धरावासा वाटला, हेच मला त्यांच्या सगळ्या पदांपेक्षा मोठं वाटतं.

पुढं जातीय निवाड्यावरून काँग्रेसशी पटलं नाही, तेव्हा १९३४ मध्ये मालवीयांसोबत वेगळा पक्ष काढला. १९४१ मध्ये तर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बसले. हे काही लोकांना रुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर आजही पचत नाही. बेचाळीसला चिमुरात गोळीबार झाला, अत्याचार झाले. त्याच्या चौकशीसाठी प्राध्यापक भणसाळी दिल्लीत अण्यांच्याच दारात उपोषणाला बसले, तरी बापूजी पदावरच होते. शेवटी फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणावेळी सरकार ऐकेना, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. उशीर झाला, पण खुर्ची सोडली.

स्वातंत्र्यानंतर ते बिहारचे राज्यपाल झाले. आणि १९६२ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, वेगळ्या विदर्भाची मागणी घेऊन नागपुरातून अपक्ष उभे राहिले अन् काँग्रेसला हरवून लोकसभेत गेले! या वयात आपल्याकडे माणूस सातबारा पोरांच्या नावावर करून ओसरीवर बसतो.

या सगळ्या धबडग्यात टिळकांचं चरित्र त्यांनी संस्कृत श्लोकांत लिहून काढलं. २६ जानेवारी १९६८ ला बापूजी गेले. त्या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो १९७३ मध्ये, त्यांच्या माघारी.