'जर'चा गुंता सोडवणारा गणिती

गेल्या वर्षी वडिलांच्या घाऊक दुकानासाठी मी सुटीचा हिशेब संगणकावर बसवला. खरेदीचे सात टप्पे आणि 'जर'च्या पोटात 'जर'! कुठे तरी चुकले आणि एका जुन्या गिऱ्हाइकाकडून जास्त पैसे घेतले गेले. वडील काही बोलले नाहीत. पण मला लाज वाटली. त्या लाजेपोटी जॉन मॅकार्थी यांचे चरित्र माझ्या हाती आले.

१९२७ साली बोस्टन येथे त्यांचा जन्म झाला. आईवडील परदेशातून आलेले, वडील कामगार चळवळीतले. कॉलेजच्या गणिताची पुस्तके त्यांनी लहान वयातच स्वतः अभ्यासली. १९५१ मध्ये प्रिन्स्टनला डॉक्टरेट मिळवली. पुढे बुद्धिबळाचा प्रोग्रॅम फोरट्रानमध्ये लिहिताना त्यांनाही 'जर'ने छळले. त्यांनी दोहोंतून एक निवडणारे फंक्शन रचले. पण त्यात नको असलेल्या पर्यायाचेही गणित आधी होई. म्हणून त्यांनी नवी रीत काढली. अट आणि तिचे उत्तर अशा जोड्या एकाखाली एक लिहायच्या. वरून तपासत यायचे. पहिली खरी अट सापडली की तिचेच उत्तर काढायचे, पुढच्यांना हात लावायचा नाही. १९५८ साली सुरू केलेल्या लिस्प भाषेत ही रीत रुजली. १९७१ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. २०११ मध्ये ते निवर्तले.

मी सात टप्पे सात ओळींत मांडले. संगणक न येणाऱ्या वडिलांनी खतावणीसारखी ती यादी वाचली आणि चुकलेल्या ओळीवर बोट ठेवले. गिऱ्हाइकाचे पैसे त्याच दिवशी परत गेले.