वर्ध्याचे खानखोजे : परमुलखात पेरणी करणारा माणूस

गिरडच्या टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे, हे या भागातल्या पोराटोराला ठाऊक. टेकडीच्या आसपास सापडणारे गोल गोल दगड म्हणजे बाबांची टिंगल करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल, बाबांच्या शब्दासरशी तो दगड होऊन बसला, ही कथाही घरोघरी सांगितली जाते. दर्ग्यावर नारळ घेऊन हिंदू जातात, चादर घेऊन मुसलमान जातात. फरीद हे नाव पंजाबातही तितकेच मोठे. पाकपट्टणच्या बाबा फरीदांची वाणी शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहे. म्हणजे गिरडचा शेतकरी आणि पंजाबचा शेतकरी कुठे एका झाडाखाली बसले, तर निदान एका नावावरून तरी त्यांची बोलाचाली सुरू होईल.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आपल्या वर्धा जिल्ह्यातला एक तरुण आणि पंजाबचे शेतकरी असेच एकत्र बसले होते. पण ते पंजाबात नाही आणि वऱ्हाडातही नाही, तर थेट अमेरिकेत! त्या तरुणाचे नाव पांडुरंग सदाशिव खानखोजे. वर्धा म्हटले की गांधीजी आणि विनोबा आठवतात, ते योग्यच आहे. पण ज्याने उभा जन्म शेतीत आणि देशाच्या कामात घातला, त्या खानखोज्यांचे नाव काढले तर चावडीवर बसलेले दहापैकी आठ जण एकमेकांकडे पाहतात. म्हणून हा लेख.

खानखोज्यांचा जन्म १८८४ च्या सुमारास वर्ध्याचा. लहानपण वर्ध्यात गेले, पुढच्या शाळेसाठी ते नागपूरला गेले. ते शाळकरी वयाचे असताना मध्यप्रांतावर १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ येऊन गेले. घरचे दाणे संपलेली माणसे, विकलेली जनावरे, ओसाड पडलेली वावरे असे ते दिवस होते. दुसरीकडे लोकमान्य टिळकांच्या विचारांनी तरुण पोरे पेटली होती. खानखोज्यांच्या डोक्यात त्या वयात दोनच गोष्टी होत्या, इंग्रज घालवायचा आणि शेतकऱ्याला वर काढायचे. आयुष्याच्या शेवटापर्यंत त्यांनी या दोन्ही सोडल्या नाहीत.

लढाईचे शिक्षण इथे मिळणे शक्य नव्हते. टिळकांचा सल्ला घेऊन ते १९०६-०७ च्या सुमारास आधी जपानला आणि तिथून अमेरिकेला गेले. पाठीशी पैसा नव्हता. त्या काळात तिकडे गेलेली आपली बहुतेक मुले शेतात, हॉटेलात मिळेल ते काम करून शिकत. खानखोजेही त्यातलेच. कॅलिफोर्नियातल्या सॅन राफाएल इथल्या माउंट तमालपाइस लष्करी शाळेत त्यांनी कवायत आणि बंदूक शिकून घेतली. मग ऑरेगॉन राज्यात कॉर्व्हॅलिसच्या कृषी महाविद्यालयात आणि पुढे वॉशिंग्टन राज्यातल्या महाविद्यालयात शेतीचे शिक्षण घेतले. एका हातात बंदूक आणि दुसऱ्या हातात बियाणे, असाच तो प्रकार होता.

आता त्या काळची अमेरिका आपल्या माणसाला कशी वागवत होती, तेही पाहिले पाहिजे. आज आपल्या तालुक्यातलाही एखादा इंजिनिअर मुलगा तिकडे नोकरीला असतो, फोनवर रोज बोलतो, दिवाळीला फोटो पाठवतो. तेव्हाची गोष्ट फार वेगळी. पश्चिम किनाऱ्यावर गेलेले आपले बहुसंख्य लोक पंजाबचे शीख आणि मुसलमान शेतकरी होते. काही जण पलटणीतून सुटलेले. लाकूड कापण्याच्या गिरण्यांत, रेल्वेच्या कामावर आणि फळबागांत ते राबत. तिकडचे लोक या सगळ्यांनाच सरसकट हिंदू म्हणत, मग तो शीख असो की मुसलमान. ४ सप्टेंबर १९०७ ला बेलिंगहॅम या गावात शेकडो गोऱ्यांच्या जमावाने लाकडाच्या गिरण्यांतल्या आपल्या मजुरांना घरातून ओढून बाहेर काढले आणि गाव सोडायला लावले. हे लोक कमी मजुरीत काम करतात आणि आमच्या पोटावर पाय देतात, ही त्या जमावाची ओरड होती.

तरीही पंजाबचा शेतकरी हटला नाही. त्याने खंडाने जमिनी घेतल्या. स्टॉकटन भागात ज्वाला सिंग यांनी बटाट्याची मोठी शेती केली. १९१२ मध्ये त्याच स्टॉकटनला शिखांनी गुरुद्वाराची संस्था स्थापन केली. तिथे लंगर चाले, गावाकडची पत्रे वाचली जात, नव्याने आलेल्याला काम मिळवून देत. परमुलखात माणसाने आपली भाषा, आपली भाकर आणि आपला देव कसा टिकवला, ते पाहायचे असेल तर हे पाहावे.

पण कायदा आडवा आला. शेतकरी बंधूंनी हा भाग नीट वाचावा. १९१३ मध्ये कॅलिफोर्नियात असा कायदा झाला की, ज्याला अमेरिकेचे नागरिक होता येत नाही त्याला शेतजमीन विकत घेता येणार नाही, आणि खंडाने घ्यायची तर तीन वर्षांच्या वर नाही. १९२० मध्ये खंडही बंद केला. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की भारतीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही. झाले! नांगरायचे याने, पाणी द्यायचे याने, घाम याचा, आणि कागद मात्र दुसऱ्याच्या नावाचा. सातबाऱ्यावर नाव नसले म्हणजे काय होते, ते आपल्याला सांगायला नको. कोणी ओळखीच्या गोऱ्याच्या नावावर जमीन ठेवली, कोणी तिकडे जन्मलेल्या लेकरांच्या नावावर. पुष्कळांनी मेक्सिकन बायका केल्या. त्या घरांत पोळीच्या जोडीला मक्याची भाकर आली, आणि पोरांची नावे अर्धी तिकडची, अर्धी पंजाबची पडली.

खानखोज्यांची आणि या शेतकऱ्यांची गाठ अशा दिवसांत पडली. ते शिकलेले, मराठी ब्राह्मण घरातले. समोरचे बहुतेक निरक्षर पंजाबी. भाषा वेगळी, धर्म वेगळा, जेवणखाण वेगळे. पण गोऱ्याच्या लेखी दोघेही एकाच मापाचे. खानखोज्यांनी ओळखले की लढा उभा करायचा तर तो चार विद्यार्थ्यांच्या खोलीतून उभा राहणार नाही, या राबणाऱ्या माणसांतूनच उभा राहील. पोर्टलँडच्या बाजूला पंडित काशीराम, सोहनसिंग भकना यांच्यासारख्या लोकांबरोबर त्यांनी संघटना बांधायला हात लावला. त्यातूनच १९१३ मध्ये गदर पक्ष निघाला. १ नोव्हेंबर १९१३ ला सॅन फ्रान्सिस्कोहून पक्षाचे गदर हे पत्र उर्दूत सुरू झाले, मागोमाग गुरुमुखीत निघाले. प्रचाराचे काम लाला हरदयाळांकडे, तर प्रत्यक्ष लढ्याच्या तयारीचे काम खानखोज्यांकडे होते. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे हेही त्याच अमेरिकेतून गदरचे काम करायला परत आले आणि १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभांबरोबर फासावर गेले.

पहिले महायुद्ध पेटले तेव्हा खानखोजे तुर्कस्तानमार्गे इराणात शिरले. इंग्रजी फौजेतल्या हिंदी शिपायांना फितवायचे आणि तिकडून हिंदुस्थानच्या सरहद्दीवर धडक द्यायची, असा बेत होता. वर्ध्याचा पांडुरंग तिथे पीर खान या नावाने वावरला. डोंगरातल्या टोळ्यांबरोबर राहिला, लढला, जखमी झाला, पकडला गेला आणि निसटलाही. बेत फसला. युद्धानंतर १९२१ मध्ये इतर हिंदी क्रांतिकारकांबरोबर ते मॉस्कोला जाऊन आले. तिथूनही काही हाती लागले नाही. हिंदुस्थानात परत यावे तर मानेवर फास. अमेरिकेने तर १९१७ च्या कायद्याने आशियाच्या बहुतेक भागातून येणाऱ्यांना दारच बंद केले होते. चाळिशीच्या उंबरठ्यावरचा माणूस, ना घर ना देश.

१९२४ मध्ये ते मेक्सिकोला पोहोचले. लढाईचा रस्ता बंद झाला, तरी शेतीचा उघडा होता. मेक्सिकोत नुकतीच मोठी क्रांती होऊन गेली होती आणि जमीनदारांच्या जमिनी गावांना वाटून देण्याचे काम चालू होते. राजधानीजवळ चापिंगो इथे, एका जुन्या जमीनदाराच्या वाड्याच्या जागी, राष्ट्रीय कृषी विद्यालय होते. तिथे खानखोजे प्राध्यापक झाले. मका हे मेक्सिकोचे मूळ पीक. आपल्याकडे ज्वारीची भाकर, तशी तिकडे मक्याची. खानखोज्यांनी मक्याचा त्याच्या रानटी भाऊबंदाशी, म्हणजे तेओसिंते नावाच्या गवताशी संकर करून नवे वाण काढले. ग्रॅनाडा नावाच्या मक्यावर १९३६ मध्ये त्यांची पुस्तिका निघाली. गहू आणि कडधान्यांवरही त्यांनी काम केले. थंडीचा कडाका आणि पावसाचा ताण सोसणारे वाण गरिबाच्या वावरात पोहोचावे, हा त्यामागचा हेतू.

पण नुसते वाण काढून ते थांबले नाहीत, आणि गाव कारभाऱ्यांनी लक्षात ठेवावे ते हेच. विद्यालयात येतो तो शेतकऱ्याचा मुलगा, शेतकरी स्वतः येत नाही, हे त्यांनी पाहिले. म्हणून आसपासच्या खेड्यांत त्यांनी शेतकऱ्यांसाठी मोफत कृषी शाळा काढल्या. फी नाही, परीक्षेचा बागुलबुवा नाही. चांगले बी कसे निवडावे, माती कशी राखावी, हे धुऱ्यावर उभे राहून शिकवायचे. आज आपल्याकडे कृषी खाते शेतीशाळा घेते, त्याच जातीची ही गोष्ट, फक्त नव्वद-शंभर वर्षे आधीची. दिएगो रिवेरा हा तिकडचा फार मोठा चित्रकार त्यांचा स्नेही होता. मेक्सिकोच्या शिक्षण खात्याच्या इमारतीत रिवेराने भिंतीवर रंगवलेल्या एका चित्रात भाकर मोडून वाटणारा माणूस आहे. तो खानखोजेच, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. तीना मोदोत्ती या छायाचित्रकार बाईने त्यांच्या मक्याची आणि शाळांची छायाचित्रे काढली. १९३६ मध्ये जॅन सिंदिक या बेल्जियन बाईंशी त्यांनी लग्न केले. दोन मुली झाल्या. थोरलीचे नाव ठेवले सावित्री.

हिंदुस्थान स्वतंत्र झाला. मध्यप्रांत सरकारने शेतीच्या सल्ल्यासाठी त्यांना बोलावले आणि १९४९ मध्ये, चाळीस वर्षांहून अधिक काळाने, ते मायदेशी आले. तर काय व्हावे? उतरताच अधिकाऱ्यांनी अडवले. इंग्रजांच्या काळ्या यादीत त्यांचे नाव तसेच पडून होते! राज्य बदलले होते, फेरफार झाला नव्हता. ज्या कागदापायी त्यांना देश सोडून राहावे लागले, तोच कागद स्वतंत्र देशाच्या दारातही आडवा आला. अखेर सोडले, आणि ते नागपूरला पोहोचले. पुढे १९५० च्या दशकात बायको-मुलींसह ते नागपुरातच राहिले. तिथेच जानेवारी १९६७ मध्ये त्यांनी देह ठेवला.

त्याच्या आदल्या वर्षी, १९६६ मध्ये, भारताने मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचे बियाणे आणले होते. लर्मा रोहो आणि सोनोरा-६४ ही ती वाणे. १९४४ पासून मेक्सिकोत काम करणाऱ्या नॉर्मन बोरलॉग यांच्या हाताखाली ती तयार झाली होती. ती खानखोज्यांची असे म्हणणे खरे होणार नाही, आणि खोट्या मोठेपणाची त्यांना गरजही नाही. पण मेक्सिकोच्या मातीत बीजसुधारणेचे काम करणाऱ्या पहिल्या पिढीत आपल्या वर्ध्याचा एक माणूस होता, हे मात्र अगदी खरे. तिकडचे बी इकडे आले तेव्हा तो म्हातारा नागपुरात होता.

अमेरिकेतल्या पंजाबी शेतकऱ्यांचेही पुढे दिवस पालटले. १९४६ मध्ये भारतीयांना तिथे नागरिकत्व मिळू लागले. १९५६ मध्ये दलीपसिंग सौंद नावाचा शेतकरीच अमेरिकेच्या संसदेत निवडून गेला. १९६५ च्या कायद्याने शिकलेल्यांना वाट मोकळी झाली. मग आपली मराठी मंडळीही मोठ्या संख्येने गेली, त्यांनी गावोगावी मंडळे काढली, आणि १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले. आज तिकडे गणपती बसतो, मराठी शाळा भरते. या साऱ्याची वाट ज्यांनी पायांनी मळली, ते लाकडाच्या गिरणीतले आणि बटाट्याच्या वावरातले लोक होते.

आपल्याकडे गाव सोडून गेलेल्या मुलाबद्दल दोनच गोष्टी बोलतात. एक तर त्याचे कौतुक, नाही तर तो गेला म्हणजे कामातून गेला. खानखोज्यांचे आयुष्य या दोन्हींत बसत नाही. नाव बदलले, भाषा बदलली, देश तर चार-पाच बदलले. स्वतःच्या नावावर म्हणावी अशी जमीन कुठे नव्हती. पण जिथे उभे राहिले तिथल्या शेतकऱ्याला त्यांनी आपला मानले, आणि वर्ध्याच्या दुष्काळात पाहिलेले विसरले नाहीत. माणूस कुठला, हे नुसत्या कागदावरून ठरत असते तर ते कुठलेच ठरले नसते.

वीणा गवाणकर यांनी मराठीत आणि कन्या सावित्री साहनी यांनी इंग्रजीत त्यांचे चरित्र लिहिले आहे. गावच्या वाचनालयात मराठी पुस्तक नसेल तर ग्रामपंचायतीने एक प्रत मागवावी, फार मोठा खर्च नाही. आणि पुढच्या वेळी गावात शेतीशाळा लागली की सभागृहातल्या खुर्च्या सोडून धुऱ्यावर जाऊन बसावे. तिथे हजेरीच्या कागदावर सही करून निघून न जाता शेवटपर्यंत थांबावे, आणि आपल्या वावरातला प्रश्न विचारावा. खानखोज्यांच्या शाळा चालायच्या त्या अशाच.