चार्ल्स डिकन्स व त्याची नाताळची भूतकथा

कल्याणाहून कर्जतेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही गावे एकामागून एक लागतात. डिसेंबर महिना आला म्हणजे तेथील ख्रिस्ती घरांच्या दारांवर कागदी तारे झळकू लागतात, आणि हल्ली खिशातील फोनवरही नाताळचे चित्रपट घरबसल्या पाहावयास सापडतात. त्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दृष्टीस पडते. एक कवडीचुंबक म्हातारा असतो. नाताळच्या आदल्या रात्री त्याच्याकडे मेलेल्या भागीदाराचे भूत येते, मागाहून तीन आत्मे येतात, आणि सकाळी तो म्हातारा पालटलेला उठतो. ज्यांच्या वाडवडिलांनी मुंज्या, हडळ व देवऋषी यांचे भय टाकून दिले, त्यांनी प्रभुजन्माच्या सणात भुताची गोष्ट का म्हणून पाहावी, असा प्रश्न एखाद्या उपदेशकाच्या मनात आल्यास तो रास्तच होय. परंतु त्याचे उत्तर भुतांपाशी नाही; ते कथाकर्त्याच्या चरित्रात आहे. म्हणून ते चरित्र येथे थोडक्यात देतो.

चार्ल्स डिकन्स याचा जन्म इंग्लंडातील पोर्ट्समथ बंदरात ता. ७ फेब्रुवारी १८१२ रोजी झाला. बाप जॉन डिकन्स हा आरमाराच्या पगारखात्यात कारकून होता. मनुष्य प्रेमळ व बोलका, पण हाताचा सैल. मिळकतीहून खर्च नेहमी अधिक. उधारी वाढत गेली, घरातील सामान एकामागून एक गहाण पडले, आणि १८२४ सालच्या फेब्रुवारीत सुमारे चाळीस पौंडांच्या कर्जापायी त्याला लंडन शहरातील मार्शलसी नावाच्या तुरुंगात जावे लागले. त्या काळच्या कायद्याप्रमाणे ऋणको मनुष्यास कर्ज फिटेपर्यंत कोंडून ठेवीत. कोंडलेल्या मनुष्याने कर्ज फेडावे कशाने, हे मात्र कायद्याने कधी विचारले नाही.

आई धाकट्या मुलांस घेऊन तुरुंगातच राहावयास गेली. बारा वर्षांचा चार्ल्स बाहेर एकटा राहिला. त्याची शाळा सुटली होती, व थेम्स नदीच्या काठी बुटांना लावावयाच्या काळ्या रोगणाच्या एका कारखान्यात त्याला कामास लावले होते. इमारत जुनाट, मोडकळीस आलेली, उंदरांनी भरलेली. रोगणाच्या भांड्यांची तोंडे कागदाने बांधावयाची आणि अंबरनाथेच्या काडेपेटीवर जशी चिठ्ठी असे तशी प्रत्येक भांड्यावर डकवावयाची, हे त्याचे काम. दिवसाचे दहा तास खपावे तेव्हा आठवड्यास सहा शिलिंग हाती पडत. काही महिन्यांनी बाप सुटला. तरी मुलाने कामावर राहावे असे आईचे मत पडले, आणि ती गोष्ट त्याच्या मनास जन्मभर लागून राहिली. पुढे बापाने त्याला पुन्हा शाळेत घातले. हा सर्व वृत्तांत डिकन्सने आपल्या मुलांनाही सांगितला नाही. जॉन फॉर्स्टर या मित्रास तेवढा तो ठाऊक होता, व त्याने लिहिलेल्या चरित्रातून डिकन्सच्या मरणानंतर जगास कळला.

पंधराव्या वर्षी तो एका वकिलाच्या कचेरीत उमेदवार झाला. रात्री जागून लघुलेखन शिकला व पार्लमेंटातील भाषणे टिपून घेणारा वार्ताहर झाला. १८३६ साली त्याची पिकविक नामक कादंबरी दरमहा एक शिलिंगाच्या अंकांतून निघू लागली, आणि चोवीस वर्षांचा हा कारकुनाचा मुलगा सर्व इंग्लंडास माहीत झाला. त्याच वर्षी कॅथरिन होगार्थ हिच्याशी त्याचा विवाह झाला. मागून ऑलिव्हर ट्विस्ट आली. तीत अनाथ पोराचे हाल त्याने असे वर्णिले की सुखवस्तू घरांतही डोळे ओले झाले.

आता १८४३ सालाकडे येऊ. त्या वर्षी कारखान्यांत राबणाऱ्या मुलांविषयी सरकारी चौकशीमंडळाचा अहवाल प्रसिद्ध झाला. तो वाचून डिकन्सचे मन कळवळले. गरिबाच्या मुलाची बाजू मांडणारे एक पत्रक छापावे असे त्याने प्रथम योजिले. सप्टेंबरात तो लंडनच्या फील्ड लेन येथील फाटक्यांची शाळा पाहावयास गेला. ज्या मुलांना अंगभर वस्त्र नाही, म्हणून इतर शाळांत ज्यांना कोणी घेत नसे, अशांसाठी धर्मशील लोकांनी अशा शाळा मोफत चालविल्या होत्या. तेथील मुले पाहून तो सुन्न झाला. ऑक्टोबरात मँचेस्टर येथे कामगारांच्या शिक्षणासाठी भरलेल्या सभेत तो बोलला, आणि त्याच सुमारास त्याचा बेत पालटला. पत्रक वाचतील थोडे आणि विसरतील पुष्कळ. गोष्ट मात्र चुलीपाशी बसून म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सर्व ऐकतील, हे त्याने ताडले. सुमारे सहा आठवड्यांत त्याने कथा पुरी केली. रात्री लंडनच्या ओस रस्त्यांतून मैलोगणती चालत तो ती मनाशी जुळवी, आणि कधी हसे, कधी रडे.

ता. १९ डिसेंबर १८४३ रोजी ती ‘ख्रिसमस कॅरल’ म्हणजे नाताळचे गीत या नावाने निघाली. स्क्रूज हा लंडनचा धनको व्यापारी. बॉब क्रॅचिट हा त्याचा कारकून, पगार आठवड्यास पंधरा शिलिंग; त्यावर मोठे कुटुंब, आणि त्यात टिम नावाचा लंगडा, आजारी मुलगा. गरिबांसाठी वर्गणी मागावयास गृहस्थ आले असता स्क्रूज त्यांना तुरुंग व दरिद्रालये यांची आठवण देऊन वाटेस लावतो. त्या रात्री सात वर्षांपूर्वी मेलेला भागीदार मार्ली येतो. त्याच्या अंगाभोवती साखळी असते, आणि तिला किल्ल्या, कुलुपे, पेट्या व हिशेबाच्या वह्या ओवलेल्या असतात. ती साखळी त्याने जिवंतपणी स्वतःच कडीकडीने घडविलेली असते. मग गतकाळाचा, चालू काळाचा व पुढील काळाचा असे तीन आत्मे येऊन स्क्रूजला त्याचे स्वतःचे आयुष्य दाखवितात. चालू काळाच्या आत्म्याच्या झग्याखाली दोन हाडकुळी, भेदरलेली मुले दडलेली असतात. मुलाचे नाव अज्ञान, मुलीचे नाव दारिद्र्य. त्यांना आसरा नाही काय, असे स्क्रूज विचारतो, तेव्हा तुरुंगांविषयीचे त्याचेच शब्द आत्मा त्याला परत ऐकवितो.

वाचकहो, त्या कथेचा गाभा हाच होय. जे पत्रक डिकन्स लिहिणार होता ते त्या झग्याखाली दडले आहे.

मेलेल्याने परत येऊन सावध करणे शास्त्रास धरून आहे काय, असे कोणी विचारील. धनवान व लाजर यांच्या दाखल्यात आपल्या भावांकडे लाजरास पाठवावे अशी विनंती तो धनवान करतो आणि अब्राहाम ती नाकारतो, हे आपल्या मंडळ्यांत सर्वांस माहीत आहे. डिकन्सची कथा म्हणजे ती नाकारलेली विनंती मान्य झाली असती तर काय झाले असते याची कल्पना होय. हीत भुताला नारळ नाही, कोंबडे नाही, अंगारा नाही. येथील भूत काही मागत नाही. ते हिशेब दाखविते.

पुस्तकाच्या सहा हजार प्रती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत खपल्या. किंमत पाच शिलिंग, चित्रे रंगीत, बांधणी सुरेख. म्हणून खर्च फार झाला आणि कर्त्यास अपेक्षेहून पुष्कळ कमी नफा मिळाला. लागलीच जानेवारीत एका छापखान्याने ती कथा चोरून छापली. डिकन्स फिर्याद जिंकला, पण प्रतिवाद्यांनी दिवाळे काढले व खर्च त्याच्याच अंगावर पडला. कर्जावरील कथेने कर्त्यासही कोर्टाची चव दाखविली. १८५३ सालच्या डिसेंबरात त्याने बर्मिंगहॅम शहरी ही कथा लोकांपुढे प्रथम वाचली. एक वाचन त्याने मुद्दाम कामकरी लोकांसाठी कमी दरात ठेवविले. पुढे गावोगाव, अमेरिकेतही, त्याने ती वाचून दाखविली.

चरित्रकाराने गुण सांगावे आणि दोष झाकावे हे बरे नव्हे. १८५८ साली, बावीस वर्षांच्या संसारानंतर व दहा मुले झाल्यावर, डिकन्सने पत्नीस दूर केले, व त्या प्रसंगी तिच्याशी तो न्यायाने वागला नाही. १८५७ च्या उठावाच्या बातम्या ऐकून त्याने एका पत्रात हिंदी लोकांविषयी अत्यंत क्रूर उद्गार काढले. त्याच वर्षी त्याचा मुलगा वॉल्टर सोळाव्या वर्षी कंपनीच्या पलटणीत हिंदुस्थानात आला. आजोबांचा सैल हात त्याच्याकडेही आला होता. तो कर्जात बुडाला, आणि ता. ३१ डिसेंबर १८६३ रोजी कलकत्त्यास बाविसाव्या वर्षी मरण पावला. ती बातमी पुढील ७ फेब्रुवारीस, बापाच्या वाढदिवशीच, घरी पोहोचली. पालटलेल्या मनुष्याची कथा लिहिणारा स्वतः सर्वस्वी पालटला नव्हता. ह्यात त्याच्या कथेस कमीपणा नाही. आपणांस मात्र इशारा आहे.

आपल्या मुलांसाठी त्याने प्रभू येशूचे साधे चरित्र लिहून ठेविले होते. आपल्या हयातीत ते छापू नये असा त्याचा निश्चय होता. त्याचा शेवटचा मुलगा वारल्यावर १९३४ साली ते प्रसिद्ध झाले. ता. १५ मार्च १८७० रोजी त्याने लंडन येथे ‘कॅरल’ शेवटची वाचली, आणि ता. ९ जून रोजी तो वारला. थाटमाट नको अशी त्याची इच्छा होती. त्याप्रमाणे वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याचा दफनविधी साधेपणाने झाला.

कर्ता गेला, पण कथा थांबली नाही. १९०१ साली इंग्लंडात वॉल्टर बूथ याने तिचा पहिला मूकपट केला. तो अवघा काही मिनिटांचा. एकाच फितीवर दोनदा छाप घेऊन दाराच्या कडीवर मार्लीचा चेहरा उमटविला होता, आणि तीन आत्म्यांचे काम एकट्या मार्लीच्याच भुताकडे सोपविले होते. अशा युक्त्या आपल्याकडे आणणारे दादासाहेब फाळके यांनी मुंबईस ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहूनच ह्या धंद्यात पडण्याचे मनात घेतले. १९१२ साली ते इंग्लंडात हेपवर्थ यांच्या चित्रशाळेत शिकण्यास गेले. त्याच वर्षी त्या शाळेतून डिकन्सच्या ऑलिव्हर ट्विस्टचा मूकपट निघाला. पुढील वर्षी फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत लागला.

सीमोर हिक्स या नटाने स्क्रूजची भूमिका १९१३ साली मूकपटात व १९३५ साली बोलपटात केली. १९३८ साली अमेरिकेत रेजिनाल्ड ओवेन याचा, १९५१ साली इंग्लंडात अॅलेस्टर सिम याचा बोलपट निघाला. १९८३ साली मिकी उंदराचे व १९९२ साली मपेट बाहुल्यांचे रूप तिला मिळाले. २००९ साली जिम कॅरी याच्या हालचाली यंत्राने टिपून संगणकावर चित्रे उठविली. ह्यांतील प्रत्येकात म्हातारा पालटतो व टिम वाचतो. परंतु त्या दोन मुलांचे काय? १९३८ च्या बोलपटात ती नाहीत. मिकीच्या चित्रात नाहीत, बाहुल्यांच्या चित्रात नाहीत. सणाच्या दिवशी लोकांस हसवावयाचे असले म्हणजे अज्ञान व दारिद्र्य ह्यांना दाराबाहेर ठेवणे सोयीचे पडते. १९५१ च्या व २००९ च्या चित्रांत ती दिसतात. म्हणून ती मंडळीस दाखविण्याजोगी आहेत. मात्र २००९ च्या चित्रात भीती फार आहे. लहान मुलांस ते बेताने दाखवावे.

शेवटी आपल्या मुलखाकडे वळू. दिवाळीनंतर ठाणे व रायगड जिल्ह्यांतील कित्येक कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात. नवराबायकोच्या जोडीने माती तुडवावी, विटा थापाव्या, आणि पावसाळ्याच्या तोंडी हिशेब व्हावा. पुष्कळदा हिशेबात उचल फिटतच नाही, आणि पुढल्या वर्षीची खेप आधीच बांधली जाते. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास मोफत शिक्षणाचा हक्क २०१० पासून आहे. तरी भट्टीजवळच्या झोपडीत नाताळच्या दिवशीही एखादे पोर ओल्या विटांची रांग उलथीत असते, आणि त्याची शाळा गावात राहिलेली असते. मार्शलसीच्या बाहेर उभा असलेला बारा वर्षांचा मुलगा तो हाच.

तेव्हा यंदा कोणी हा चित्रपट लावलाच तर भुतास भिऊ नये व हसण्यावरही थांबू नये. झग्याखालची दोन मुले येतात की नाही ते पाहावे. आली नाहीत तर उपदेशकाने चित्र संपल्यावर त्यांची गोष्ट स्वतः सांगावी. मग जवळच्या भट्टीवर जाऊन तेथील मुलांची नावे लिहून घ्यावी, व शाळेच्या गुरुजींना भेटावे. आपल्यापैकी ज्याने कोणास उचल दिली असेल त्याने नाताळच्या आधी वही उघडून पाहावी, की तीत कडी कोणाच्या साखळीची घडत आहे.