जाक-आर्सेन द'आर्सोनव्हाल

जाक-आर्सेन द'आर्सोनव्हाल (८ जून १८५१ – ३१ डिसेंबर १९४०) हे फ्रेंच वैद्यक, शरीरक्रियाशास्त्रज्ञ व भौतिकशास्त्रज्ञ होते. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळांमध्ये ते फिरत्या कुंतलाच्या गॅल्व्हनोमीटरमुळे परिचित आहेत. मात्र विद्युतधारा व चुंबकीय क्षेत्र यांचा सजीव शरीरावर होणारा परिणाम प्रयोगाने मोजणारे एक आद्य संशोधक म्हणूनही त्यांचे स्थान मोठे आहे. घरातील विजेच्या तारा, मोबाइल संच आणि मनोरे यांच्या विद्युतचुंबकीय क्षेत्रांविषयी आज जी चर्चा होते, तिच्या मुळाशी असलेले काही प्रश्न त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच हाताळले होते.

जीवन

द'आर्सोनव्हाल यांचा जन्म फ्रान्सच्या लिमुझँ प्रांतातील ला बोरी येथे झाला. लिमोज व पॅरिस येथे त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले. १८७३ ते १८७८ या काळात ते विख्यात शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांचे साहाय्यक होते. प्राण्यांच्या शरीरातील उष्णतेचे मापन हा त्या काळातील त्यांच्या कामाचा प्रमुख विषय होता. पुढील संशोधनात ही मापनाची शिस्त त्यांना उपयोगी पडली. बेर्नार यांच्या निधनानंतर त्यांनी कोलेज द फ्रान्स येथे शार्ल-एद्वार ब्राउन-सेकार यांच्यासमवेत काम केले. १८८२ मध्ये तेथील जैवभौतिकी प्रयोगशाळेची धुरा त्यांच्याकडे आली. १८९४ मध्ये ब्राउन-सेकार यांचे निधन झाल्यावर त्यांच्या अध्यासनावर द'आर्सोनव्हाल यांची नियुक्ती झाली. त्याच वर्षी ते फ्रान्सच्या विज्ञान अकादमीचे सदस्य झाले.

उच्च वारंवारतेचे प्रयोग

स्नायू व चेतातंतूंमधील अत्यंत क्षीण विद्युतधारा मोजण्यासाठी संवेदनशील उपकरण आवश्यक होते. या गरजेतून मार्सेल देप्रे यांच्या सहकार्याने १८८२ मध्ये फिरत्या कुंतलाचे गॅल्व्हनोमीटर तयार झाले.

त्या काळी शहरांत विजेचा वापर वाढत होता आणि विजेच्या धक्क्याने मृत्यूही होऊ लागले होते. विजेच्या धक्क्याने निपचित पडलेल्या व्यक्तीला मृत न समजता, बुडालेल्या व्यक्तीप्रमाणेच कृत्रिम श्वासोच्छ्वास द्यावा, असे द'आर्सोनव्हाल यांनी प्रतिपादन केले.

१८९० च्या सुमारास त्यांनी प्रत्यावर्ती विद्युतधारेची वारंवारता क्रमाने वाढवून स्नायूंचा प्रतिसाद तपासला. आरंभी वारंवारतेबरोबर स्नायूंचे आकुंचन वाढत गेले. काही टप्प्यापर्यंत ते स्थिर राहिले आणि सेकंदाला सुमारे ५,००० आवर्तनांनंतर कमी होऊ लागले. त्याहून खूप अधिक वारंवारतेची धारा शरीरातून गेली, तरी धक्का जाणवत नसे. केवळ ऊब जाणवे. निकोला टेस्ला यांनाही याच सुमारास स्वतंत्रपणे असेच निरीक्षण मिळाले होते. १८९२ मध्ये टेस्ला पॅरिसला आले असता दोघांची भेट झाली.

यानंतर द'आर्सोनव्हाल यांनी मोठे नालकुंतल तयार केले. त्यात उभ्या असलेल्या व्यक्तीला तारेचा स्पर्शही होत नसे. तरी बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे तिच्या शरीरात धारा प्रवर्तित होत असे. स्पर्शाविना शरीरावर क्षेत्राचा परिणाम घडू शकतो, हे यातून स्पष्ट झाले.

चुंबकीय क्षेत्र आणि दृष्टी

१८९६ मध्ये त्यांनी कमी वारंवारतेच्या प्रबळ चुंबकीय क्षेत्रात डोके ठेवल्यास डोळ्यांपुढे प्रकाशाचा लखलखाट दिसतो व भोवळ येते, अशी नोंद केली. बाहेर कोणताही प्रकाश नसताना होणारा हा आभास दृष्टिपटलात प्रवर्तित झालेल्या धारेमुळे निर्माण होतो, असे आज मानले जाते.

उपचारपद्धती व तिच्या मर्यादा

उच्च वारंवारतेच्या धारेचा उपचारांसाठी वापर त्यांच्या नावाने 'दार्सोन्व्हालीकरण' म्हणून प्रसिद्ध झाला. संधिवातापासून रक्तदाबापर्यंत अनेक विकारांवर ती गुणकारी असल्याचे दावे झाले, परंतु त्यांपैकी बरेच दावे पुढे टिकले नाहीत. ऊतींना खोलवर ऊब देणारी डायथर्मी आणि शस्त्रक्रियेत ऊती कापणारी विद्युत उपकरणे मात्र याच संशोधनाच्या परंपरेतून विकसित झाली. धक्का जाणवत नाही म्हणून धारा निरुपद्रवी आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही, हेही त्यातून दिसून आले. कारण तीच धारा पुरेशी प्रबळ असेल तर ऊती भाजू शकतात.

इतर कार्य

१८८१ मध्ये त्यांनी समुद्राच्या पृष्ठभागावरील उबदार पाणी व खोलवरचे थंड पाणी यांच्या तापमानातील फरकापासून ऊर्जा मिळवण्याची कल्पना मांडली. त्यांचे शिष्य जॉर्ज क्लोद यांनी १९३० मध्ये क्यूबात तिचा प्रयोग केला. द'आर्सोनव्हाल यांचे निधन जन्मगावी, ला बोरी येथेच झाले.

वारसा

विद्युतचुंबकीय क्षेत्रांच्या संपर्काविषयीच्या आजच्या आंतरराष्ट्रीय मर्यादांमध्ये कमी वारंवारतेसाठी चेतासंस्थेचे उद्दीपन आणि उच्च वारंवारतेसाठी ऊतींचे तापणे, असे दोन वेगळे निकष आहेत. हे दोन्ही परिणाम द'आर्सोनव्हाल यांच्या प्रयोगांत आढळतात. अतिकमी वारंवारतेच्या मर्यादा ठरवताना डोळ्यांपुढील लखलखाटाचाही आधार घेतला जातो. भारताने २०१२ पासून मोबाइल मनोऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश इतकी मर्यादा लागू केली.

या दोन परिणामांखेरीज दीर्घकाळच्या क्षीण संपर्काने अन्य अपाय होतो का, हा प्रश्न आजही अभ्यासाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्ये अतिकमी वारंवारतेची चुंबकीय क्षेत्रे आणि २०११ मध्ये रेडिओ वारंवारतेची क्षेत्रे 'कदाचित कर्ककारक' या गटात ठेवली. पुरावा मर्यादित असताना हा गट दिला जातो. त्यामुळे अपाय सिद्ध झाला, असा त्याचा अर्थ होत नाही.